स्लाइडचा खालचा अर्धा भाग

मागच्या शनिवारी जुना लॅपटॉप साफ करायला घेतला. (हे काम मी दर दिवाळीत ठरवतो. या वेळी चक्क केलं!) त्यात 'काका झूम' नावाचं फोल्डर सापडलं. २०२० आणि २०२१ मधल्या वेबिनारच्या लिंका, स्क्रीनशॉट आणि सहभागाची प्रमाणपत्रं. मोजली, एकसष्ट निघाली.

मार्च २०२० मध्ये कंपनीने घरून काम करा म्हटल्यावर मी पुण्याहून रत्नागिरीला आलो. दोन आठवड्यांचे कपडे घेऊन आलो होतो, राहिलो दीड वर्ष. शेजारचे डॉक्टरकाका म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर, तेव्हा वय ६३, दवाखाना मारुती मंदिरजवळ. एका संध्याकाळी कुंपणावरूनच हाक आली, "काय रे, ते तुझं झूम की काय ते लावून दे जरा." तेव्हापासून मी त्यांचा बिनपगारी टेक्निकल सपोर्ट. "आवाज येतोय का?" "काका, तुम्ही म्यूटवर आहात." हा संवाद किती वेळा झाला असेल देव जाणे.

पण थट्टा बाजूला. त्या काळात जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, ते २०२३ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला स्वॅब मिरजेला पाठवावे लागायचे, रत्नागिरीतली लॅब जून २०२० मध्ये चालू झाली. आणि काकांसारखा गावातला डॉक्टर रात्री नऊ वाजता जेवण उरकून मुंबई-दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरांचं फुकटात ऐकत होता! १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल आला. डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी करतं. त्याच आठवड्यात काका वहीत टिपण घेत बसले होते. खरं सांगतो, तेव्हा मला इंटरनेटचा अभिमान वाटला होता.

त्याच निकालात आणखी एक वाक्य होतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना या औषधाचा फायदा नाही.

आता एप्रिल २०२१. लांज्याजवळ राहणाऱ्या माझ्या मामाला ताप आला. वय ५८, डायबेटिस जुना. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला: कुठल्याशा वेबिनारची स्लाइड, औषधांची नावं आणि डोस. मेडिकलवाल्याने फोटो बघितला आणि गोळ्या दिल्या. तापाच्या दुसऱ्या दिवसापासून मामा स्टिरॉइड घेत होता. चौथ्या दिवशी मामीने घाबरून काकांना फोन लावला, साखर ४१० झाली होती.

"ऑक्सिजन किती दाखवतंय?"

"सत्त्याण्णव."

"मग ही गोळी कोणी दिली हो त्यांना?"

काकांनी गोळी थांबवली, मामाला लगेच अ‍ॅडमिट करायला लावलं. मामा वाचला, आज ठणठणीत आहे. पण पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसच्या बातम्या आल्या. बेसुमार वाढलेली साखर आणि गरज नसताना दिलेलं स्टिरॉइड ही कारणं डॉक्टर ओरडून सांगत होते, तेव्हा आमच्या घरात कोणी टीव्हीकडे बघत नव्हतं.

आणि तीच स्लाइड परवा मला त्या फोल्डरमध्ये सापडली. पूर्ण. खालच्या अर्ध्या भागात स्पष्ट लिहिलंय की फक्त ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांसाठी. फोटो काढताना कोणीतरी तेवढा भाग कापला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर 'इफ' उडवला आणि आतला कोड तसाच रन केला.

मला राग बोलणाऱ्या डॉक्टरांचा नाही. ते दिवसभर वॉर्डात राबून रात्री कॅमेऱ्यासमोर बसत होते. राग या प्रकाराच्या रचनेचा आहे. एकाने बोलायचं, पाचशेंनी ऐकायचं, शेवटी पाच मिनिटं प्रश्न. काकांनी एकदा चॅटमध्ये विचारलं होतं (टाइप मी केलं, म्हणून लक्षात आहे): "वाडीत ऑक्सिमीटर नाही, मोबाइलला रेंज नाही, पेशंट घरीच आहे. बिघडतोय हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं?" संचालकांनी वेळेअभावी प्रश्न थांबवले आणि फीडबॅक फॉर्मची लिंक टाकली. माझ्या मते सार्वजनिक आरोग्य म्हणजे तो प्रश्नच होता. व्हेंटिलेटरच्या सेटिंगवर आम्ही तासभर ऐकलं, आणि काकांनी आयुष्यात व्हेंटिलेटर चालवलेला नाही!

अपवाद होते, नाही असं नाही. मे २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि राज्याच्या टास्क फोर्सने फॅमिली डॉक्टरांशीच ऑनलाइन संवाद साधला, घरी असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवा म्हणून. ५ सप्टेंबर २०२१ ला 'माझा डॉक्टर' ही ऑनलाइन परिषद झाली. डॉ. संजय ओक, डॉ. शशांक जोशी वगैरे मंडळी होती. सहा मिनिटं चालून मग ऑक्सिजन बघायचा, ही साधी चाचणी काकांनी त्याच काळात दवाखान्याच्या दारावर मराठीत लिहून लावली. असल्या गोष्टी उपयोगी पडतात.

आणखी एक. आमच्या भागातले आठ-दहा डॉक्टर दर मंगळवारी रात्री एका फिजिशियनबरोबर नुसता कॉन्फरन्स कॉल करायचे. स्लाइड नाही, व्हिडिओ नाही, कारण पावसात रेंजच नसायची. प्रत्येकाने आठवड्यातला एक अडलेला पेशंट सांगायचा. काका म्हणतात त्या कॉलमध्ये ते जास्त शिकले. त्याचं प्रमाणपत्र मात्र कोणी दिलं नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. पॉइंट हजेरीला मिळतात, अडलेल्या प्रश्नाला नाही.

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातली. औषधांचा सल्ला बदलत होता, बदलायलाच हवा होता. प्लाझ्मा थेरपी १७ मे २०२१ ला राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळली गेली. पण २०२० ची प्लाझ्माची गुणगान करणारी रेकॉर्डिंग यूट्यूबवर अजून तशीच पडली आहेत. साधं फोनवरचं अ‍ॅप घ्या, त्यालाही व्हर्जन नंबर असतो. माणसाच्या पोटात जायच्या औषधाच्या स्लाइडला नको? प्रत्येक स्लाइडवर तारीख हवी, आणि 'कोणाला द्यायचं नाही' हे औषधाच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरात. म्हणजे कापलं तरी औषधाचं नाव आधी कापलं जाईल.

काका आता ६५ च्या पुढे गेलेत, दवाखाना फक्त सकाळी उघडतात. परवा फोन आला. लेप्टोवर ऑनलाइन कार्यक्रम आहे रविवारी, लिंक उघडत नाही. पुण्यातून त्यांचा स्क्रीन घेऊन उघडून दिली. या वेळी प्रश्न आधीच लिहून ठेवलेत म्हणाले. चार आहेत. पहिला भातलावणीला उतरणाऱ्या बायकांना डॉक्सीची गोळी कधी द्यायची आणि कोणाला द्यायची नाही, हा.