इंजिनीअरचा परवाना हवाय? ‘आम्ही’ नको, ‘मी’ लिहा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात परवान्याशिवाय ‘प्रोफेशनल इंजिनीअर’ म्हणवून घेता येत नाही. मे २०२३मध्ये तिथे कॅनडातल्या अनुभवाची अट गेली. म्हणजे पुणे-नाशिकमध्ये केलेलं कामही मोजलं जाऊ शकतं. निर्णय योग्यच, पण आता सगळी भिस्त तुमच्या लिहिण्यावर आहे.

काय द्यावं लागतं?
पदवीची तपासणी आणि कायदा-नीतिमत्तेची परीक्षा वेगळी. अनुभवासाठी ७ गटांतल्या ३४ क्षमता उदाहरणांनी दाखवायच्या: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलं, परिणाम काय झाला. तुमचं काम ठाऊक असलेल्यांनी ते पडताळायचं.

घोडं कुठे अडतं?
‘आमच्या टीमने पूल बांधला’ असं लिहायची आपल्याला सवय. हा विनय इथे नडतो. बीमची खोली तुम्ही का बदलली, कोणती आकडेमोड केली, हे हवं.

आजच काय कराल?
परदेशी जायचं नक्की नसलं तरी महिन्याला एक निर्णय तारखेसह नोंदवा; कंपनीची गोपनीय माहिती वगळून. नोकरी सोडण्याआधी साहेबांना पडताळणीबद्दल विचारा. चार वर्षांचं काम ऐनवेळी आठवत बसलात, तर हाती फक्त प्रोजेक्टांची नावं उरतील.