सोळाव्या दिवसाचा हिशेब

होळी झाली की माणदेशातल्या विहिरी तळ दाखवू लागतात. दहिवडी-म्हसवडकडे, पलीकडे आटपाडीत, थेट जतच्या पूर्व भागात, ज्यांच्या रानाला अजून पाटाचे पाणी लागलेले नाही त्यांच्या हाताला तेव्हा काम नसते. कुणी ग्रामपंचायतीत जाऊन विचारतो, ‘रोहयोचं काम निघणार का?’ उत्तर मिळते, ‘वरून आलं की कळवतो.’ माणूस घरी येतो. महिन्याभराने तालुक्याच्या बैठकीत सांगितले जाते, मजुरांची मागणी नाही. ‘कळवतो’ आणि ‘मागणी नाही’ या दोन उत्तरांच्या मधे कायद्याने दिलेला एक हक्क गडप होतो. त्याचे नाव बेरोजगार भत्ता. त्याच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले बरेचसे चूक आहे, आणि सातारा-सांगलीकरांनी तरी ते बोलू नये. कारण रोजगार हमी ही कल्पना याच मातीतली आहे.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्याच तालुक्यात १९६५ मध्ये या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२चा दुष्काळ पडला आणि मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम दिले नाही तर भत्ता, हे दोन्ही त्या कायद्यात एकत्र होते. भत्ता केवढा, तर दिवसाला किमान एक रुपया. रक्कम क्षुल्लक होती, पण सरकारने स्वतःच्या शब्दाला स्वतःच दंड लावून घेतला होता. या योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जात होता. २००५ मध्ये देशाने हेच तत्त्व मनरेगाच्या कायद्यात स्वीकारले.

आता पूर्वपक्ष ऐकू. पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘घरबसल्या पैसे दिले तर माणूस कामाला येईल कशाला?’ हा आक्षेप घेणाऱ्याने कायदा वाचलेला नसतो. भत्ता मिळायला आधी काम मागावे लागते. काम देऊ केल्यावर पंधरा दिवसांत हजर झाला नाही, किंवा हजर होऊन विनापरवानगी आठवड्याहून जास्त गैरहजर राहिला, तर त्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने जातो. आणि रक्कम पाहा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी ३१२ रुपये ठरली. भत्ता पहिल्या ३० दिवसांना तिच्या चौथाईपेक्षा कमी नसावा, म्हणजे ७८ रुपये, आणि पुढच्या दिवसांना निम्म्यापेक्षा कमी नसावा, म्हणजे १५६. चटके बसणाऱ्या उन्हात पाझर तलावावर माती वाहून ३१२ मिळत असताना ७८ रुपयांसाठी काम सोडणारा आळशी कुणी दाखवावा. कमी पैसे घेऊन घरी बसण्याचा मोह कुणालाही होणार नाही, अशाच बेताने हा आकडा ठरवला आहे. मजूर तयार होता, काम तयार नव्हते, याची ही भरपाई आहे. पगारी माणसाला नोटिशीविना काढले तर तो नोटिशीच्या मुदतीचा पगार मागतो, तेव्हा त्याला कुणी ऐतखाऊ म्हणत नाही.

दुसरा आक्षेप या भागाबद्दलचा आहे. ‘हा कृष्णाकाठ, उसाचा पट्टा. इथे मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी रडतो. इथे रोहयो कशाला?’ कऱ्हाड, वाळवा, पलूस इथपुरते हे खरे धरू. पण जिल्ह्याची हद्द आणि पाण्याची हद्द एक नसते. टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांनी दुष्काळी भागाचे रूप बदलले, हे मी आनंदाने मान्य करतो. पण पाणी शेतात येते, भूमिहीनाच्या घरात येत नाही. ज्या जतमधून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या तालुक्याला कामाची गरज नाही असे म्हणायला धाडस लागते. मुकादमाची उचल घेऊन पोरांसकट कोपीत राहणारे कुटुंब हौसेने जात नाही. गावात काम मिळाले असते, निदान मिळाले नाही म्हणून भत्ता मिळाला असता, तर त्यातली काही कुटुंबे उचल न घेता गावी राहिली असती.

‘रोहयो म्हणजे खड्डे खणायचे नि बुजवायचे’ असेही म्हणतात. त्याचे उत्तर खानापूर तालुक्याने दिलेले आहे. १९८२च्या गिरणी संपात गावी परतलेले कामगार आणि दुष्काळी कामावरचे मजूर यांच्यातून तिथे मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. नुसती खडी फोडून घेऊ नका, दुष्काळ हटेल अशी कामे काढा, ही मजुरांचीच मागणी होती. बलवडीजवळ येरळेवरचे बळीराजा धरण त्याच चळवळीच्या रेट्यातून झाले. काम निरुपयोगी निघाले तर तो काम निवडणाऱ्याचा दोष आहे. तो मजुराच्या माथी मारता येत नाही.

पण खरा वाद तिसऱ्या आक्षेपाशी आहे आणि तो कचेरीचा आक्षेप आहे: ‘मागणीच येत नाही, मग भत्त्याचा प्रश्न कुठे येतो?’

याच्या मुळाशी पैशाची वाटणी आहे. २००५च्या कायद्यात १०० दिवसांपर्यंतची मजुरी केंद्र देत होते, पण बेरोजगार भत्ता राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा होता. म्हणजे मागणी नोंदवली आणि काम दिले नाही, तर भुर्दंड राज्याला आणि जाब तालुक्याला. मागणी नोंदवलीच नाही, तर कुणालाच काही नाही. अशा रचनेत कारकुनाला कुणी वाईट सल्ला द्यावा लागत नाही, तो आपणहून अर्जावर तारीख टाकायचे टाळतो. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे अर्ज एकदम भरून घेतले जातात. कागदावर मागणी झाली आणि दुसऱ्या दिवशी काम मिळाले. मधले दोन महिने कुठे गेले, हे कागद सांगत नाही. संगणक प्रणाली देय भत्त्याचे दिवस आपोआप काढते, पण तिला कळते ती नोंदवलेली तारीखच. मी इथे ग्रामरोजगार सेवकाला दोष देत नाही. तुटपुंज्या मानधनावर तो सगळ्या गावाचा राग झेलतो. दोष वरच्यांचा आहे, ज्यांनी ‘मागणी नाही’ हे वाक्य कधी तपासलेच नाही.

म्हणून सगळी लढाई एका चिठोऱ्यावर येते: तारखेची पोच. मागणी नमुना ४ मध्ये करायची आणि नमुना ५ ची पोच घ्यायची. छापील नमुना संपला असे कुणी म्हणाले तर कोऱ्या कागदावर जॉब कार्डाचा क्रमांक, कामावर येणाऱ्यांची नावे आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम हवे ते लिहून द्यावे. यातला शेवटचा तपशील सगळ्यात जास्त चुकतो. सलग १४ दिवसांची मागणी किमान आहे, म्हणून लोक १४ दिवसच लिहितात. पण जितक्या मुदतीसाठी काम मागितले ती संपली की भत्त्याची जबाबदारीही संपते. चैत्र-वैशाख दोन्ही महिने हात रिकामे राहणार हे ठाऊक असेल तर दोन्ही महिने लिहावेत. ग्रामपंचायत पोच देत नसेल तर तोच अर्ज तहसीलदारांकडे द्यावा. महाराष्ट्रात तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी तोच असतो. आवक शाखेतून शिक्का मारून घ्यावा, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवावा. पंधरा दिवस मोजावेत. तोवर काम मिळाले नाही तर सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज द्यावा, पहिल्या पोचेची प्रत जोडून. भत्ता देय झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायला हवा. नाकारला तर कारण लेखी मागावे, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्ह्याच्या तक्रार निवारण प्राधिकाऱ्याकडे जावे.

‘एवढे कागद करायचे कुणी? मजूर शिकलेला नाही.’ बरोबर आहे. म्हणूनच हे काम एकट्याचे नाही. वीस बायका एकत्र जाऊन वीस अर्ज एकदम देतात तेव्हा पोच मिळते. एकटीला ‘उद्या या’ सांगता येते, वीसजणींना सांगणे जड जाते.

केलेल्या कामाच्या मजुरीचेही दुखणे असेच आहे. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ती सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. जिल्हा बँकेचे पासबुक भरून आणून ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची मजुरी कधीकाळी मोबाइलच्या सिमबरोबर उघडलेल्या खात्यात पडून असते. तक्रारीआधी तेवढे बघून घ्यावे. लग्नानंतर आधारवर एक नाव आणि जॉब कार्डावर माहेरचे, हाही नेहमीचा घोळ. आणि हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवस उलटले की थकलेल्या मजुरीवर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई लागू होते. सहा दिवसांच्या १८७२ रुपयांवर ती दिवसाला ९४ पैसे होते. एवढ्यासाठी कोण भांडणार, असे अधिकारी म्हणतात. मी म्हणतो, भांडा. उशीर झाला याची नोंद त्या ९४ पैशांमुळेच होते.

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून काम सुटलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. ज्यांची कर्मचारी राज्य विमा योजनेत कपात होत होती त्यांना २०१८च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत जन्मात एकदा, ९० दिवसांपर्यंत मदत मिळते. २०२० मध्ये ती सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के केली आणि मालकाच्या सहीची अडवणूकही काढली. शिक्षा म्हणून काढलेल्याला ती मिळत नाही; तेव्हा घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १०० चे १२५ झाले, राज्याचा वाटा वाढला, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत एकूण ६० दिवस काम थांबवण्याची मुभा आली. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, हे तत्त्व मात्र टिकले. इथे राज्य सरकारकडे माझी स्पष्ट मागणी आहे. हे ६० दिवस मुंबईत बसून ठरवू नका. कऱ्हाडचा हंगाम आणि जतचा हंगाम एक नाही. ते तालुक्यागणिक ठरवा, ग्रामसभेला विचारून ठरवा. आणि दर महिन्याला प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन आकडे लिहा: किती जणांनी काम मागितले, आणि सोळाव्या दिवशी त्यातले किती बिनकामाचे राहिले.

आणि गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना विनंती आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना आठवड्यातला एक तास काढा. होळीची वाट पाहू नका, माघातच चावडीवर बसा, शेजारच्या दहा घरांचे अर्ज लिहून द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.