मलिहाबाद : आमराई हेच प्रेक्षणीय स्थळ

शेतीप्रधान गावाला पर्यटनस्थळ करावयाचे म्हटले की आपल्याला प्रथम स्वागतकमान सुचते, मग उपाहारगृह, आणि शेतकरी सर्वांत शेवटी. लखनऊपासून हरदोई मार्गावर सुमारे २५ किलोमीटरवर वसलेल्या मलिहाबादचा विचार करताना हा क्रम उलटा करावा, असे मला वाटते. या गावी पाहण्याजोगी मुख्य गोष्ट कोणतीही वास्तू नसून आमराई आहे.

इतिहास येथे थोडा नाही. नवाबी काळात येथे अफ्रिदी पठाण घराणी नांदली आणि त्यांच्या जमीनदारीत बागा बहरल्या. उर्दू कवी जोश मलिहाबादी याच मातीतले. १९५४ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या कवीने १९८२ मध्ये इस्लामाबादेत देह ठेवला, पण नावातले गाव सोडले नाही. लखनऊहून येताना वाटेत काकोरी लागते. ९ ऑगस्ट १९२५ च्या रेल्वे प्रकरणातील खटल्यात दहा वर्षांची शिक्षा भोगणारे रामकृष्ण खत्री हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे, हे मराठी प्रवाशाने अवश्य ध्यानी घ्यावे.

काकोरीजवळच दशहरी नावाचे खेडे आहे आणि तेथे दशहरी आंब्याचा मूळ वृक्ष आजही उभा आहे. नवाब या झाडाची फळे बाहेर देताना कोयीला छिद्र पाडीत, जेणेकरून कोणी रोप करू नये, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका गोड आहे. मात्र हा वाण एकभ्रूणी असल्याने कोयीपासून हुबेहूब दशहरी उगवत नाही, तेव्हा तो खटाटोप व्यर्थच ठरला असता. दशहरी पसरला तो कलमांनी. म्हणजे मलिहाबादच्या बागांतील दशहरीची असंख्य झाडे जनुकीयदृष्ट्या एकाच वृक्षाची रूपे होत.

चिंतेचे कारणही हेच आहे. २००९ मध्ये ‘मलिहाबादी दशहरी’ला भौगोलिक मानांकन लाभले, ते योग्यच झाले. परंतु बाजार एकाच नावाने आंबा मागू लागला की चौसा, लखनऊ सफेदा कसेबसे टिकतात आणि हुस्नआरा, रामकेला यांसारखे वाण बांधावर ढकलले जातात. हापूसच्या छायेत कोकणातल्या रायवळ आंब्याचे काय झाले, हे आपण जाणतोच. संकरासाठी मात्र वैविध्यच लागते : दशहरी व नीलम यांतून आम्रपाली आली, तर नीलम व हापूस यांतून वेंगुर्ल्याची ‘रत्ना’. पद्मश्री कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेच्या आसपास वाणांची कलमे बांधली. ते झाड पाहण्यास लोक दूरवरून येतात. वैविध्य हेच आकर्षण ठरू शकते, याचा याहून वेगळा पुरावा नको.

रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या, दाटलेल्या बागांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र विकसित केले आहे. मोठ्या फांद्या छाटल्या की नवी पालवी फुटते. पुन्हा फळ धरण्यास मात्र दोन-तीन वर्षे लागतात. तोवर लहान बागायतदाराने खावे काय? शहर जवळ सरकत असताना आणि जमिनीचा भाव चढत असताना हा प्रश्न बाग राखण्याचा की विकण्याचा, असा होतो. पाहुण्यांकडून येणारा पैसा नेमका येथे उपयोगी पडेल. त्यासाठी प्रवेशशुल्क मधल्या कंत्राटदाराकडे न जाता थेट बागायतदारास मिळाले पाहिजे, आणि दुर्मीळ वाण राखणाऱ्यास वाटा अधिक असावा. संपूर्ण बाग एकदम न छाटता टप्प्याटप्प्याने छाटली, तर पाहुण्यास फळही चाखता येईल व छाटलेले झाडही पाहता येईल.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. तेथील अनुभवी केंद्रचालक आणि मलिहाबादचे बागायतदार यांची एकमेकांच्या बागांत भेट घडवून आणणे संशोधन संस्थांना अवघड नाही. भेट मोहोराच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवावी. जूनमध्ये बागायतदाराला तोडणीतून मान वर करण्यास सवड नसते. छाटलेल्या खोडांवर फुटलेल्या नव्या फांद्यांवर हुस्नआराची, रामकेल्याची कलमे बांधून देण्याचे काम पुढे पावसाळ्यात हाती घेता येईल.