पूर्व आशियाचा अभ्यास आणि आमचे विद्यार्थी

शाळेचा निरोप घेऊन कॉलेजांत जाणाऱ्या विद्यार्थ्यानें 'मी चीन, जपान व कोरिया यांच्या वाङ्मयाचा अभ्यास करणार' असें घरीं सांगितलें, तर बहुतेक आईबाप चिंतेंत पडतील. ही चिंता समजण्यासारखी आहे. तथापि त्या अभ्यासास आपल्याकडे जागा मिळावी, आणि पदवी घेण्यापूर्वींच विद्यार्थ्यानें त्यांत लहानसें संशोधन स्वतः करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

संशोधन म्हटलें कीं थोर पंडित डोळ्यांपुढें येतात. परंतु एक नेमका प्रश्न घेऊन मूळ साधनांपर्यंत जाणें हेंच त्याचें सार होय. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतेवरील टीका संस्कृतांत न करतां मराठींत कां केली, हें आमचा विद्यार्थी शाळेंतच शिकतो. तोच प्रश्न त्यानें पूर्वेकडे न्यावा : तेथें पंडितांच्या विद्येपुढें लोकांच्या वाणीचें काय झालें?

जपानांत अकराव्या शतकाच्या आरंभीं मुरासाकी शिकिबू या बाईंनीं राजपुत्र गेंजीची दीर्घ कथा लिहिली. चिनी विद्या ही त्या काळीं पुरुषांची मानली जाई. ही कथा लिहिली गेली ती 'काना' या सोप्या देशी लिपींत. भाऊ चिनी ग्रंथ शिकत असतां जवळ बसून ऐकतां ऐकतां आपणांसच ते आधीं येऊं लागले, आणि ही मुलगा असती तर बरें झालें असतें, असें वडील हळहळत, हें बाईंनीं रोजनिशींत नमूद केलें आहे. मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांनीं या एका नोंदीवर क्षणभर थांबावें.

कोरियांत राजा सेजोंग यानें १४४३ सालीं अठ्ठावीस अक्षरांची लिपी सिद्ध केली व १४४६ सालीं ती प्रजेस दिली. चिनी अक्षरें न येणाऱ्या सामान्य जनांस मनांतलें लिहितां यावें, हा त्याचा हेतु. दरबारच्या पंडितांनीं विरोध केला, आणि पुढेंहि विद्वान मंडळी त्या लिपीस हलकी लेखीत राहिली. स्कॉटिश मिशनरी जॉन रॉस यांनीं मात्र कोरियन साहाय्यकांसह नव्या कराराचें भाषांतर केलें, तें १८८७ सालीं याच लिपींत पुरें छापून निघालें. चीनांतहि हू शी यांनीं १९१७ सालीं बोलभाषेंत ग्रंथरचना करण्याचा पुरस्कार केला. तीन देश, एकच प्रश्न. आणि त्याची पहिली ओळख विद्यार्थ्यास आपल्या मातृभाषेनेंच करून दिलेली!

हा प्रांत आपणांस सर्वस्वीं परकाहि नाहीं. बंगालमधील श्रीरामपूर येथून कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें. त्यांचे सहकारी मार्शमन यांचें चिनी बायबल तेथेंच १८२२ सालीं पूर्ण झालें. शांतिनिकेतनांत १९३७ सालीं चीना भवन स्थापन झालें, तें आजहि चालू आहे.

कोणी विचारील कीं, याचा उपयोग काय? आम्ही उलट विचारतों : अज्ञानाची किंमत किती? १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांस, मुलांबाळांसह, राजस्थानांतील देवळीच्या छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांतील कित्येकांचा जन्म याच देशांतला. आजहि ईशान्य भारतांतील आपल्याच बांधवांस चेहऱ्यावरून 'चिनी' म्हणून हिणविलें जातें. ज्यांच्या वाङ्मयांतील एकहि माणूस आपणांस ठाऊक नाहीं, त्यांच्याविषयीं संशय घेणें फार सोपें असतें.

विद्यार्थ्यांस आमची सूचना इतकीच कीं, 'पूर्वेचा आत्मा' असले विशाल विषय घेऊं नयेत. एक कथा, एक चित्र किंवा एक रोजनिशी घ्यावी. आरंभीं इंग्रजी भाषांतर चालेल. पण दोन भाषांतरें शेजारीं ठेवून वाचावीं, आणि तीं जेथें जुळत नाहींत तेथें मूळ काय आहे, हें विचारावें. सेजोंगच्या लिपींतील चोवीस अक्षरें आज वापरांत आहेत. एका सुटींत तीं शिकून होतात.

शेजाऱ्यावर प्रीति करावी, असें आम्ही मुलांस रोज शिकवितों. त्या शेजाऱ्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत ऐकण्याचे श्रम घेणें, ही त्या प्रीतीची पहिली पायरी होय.