मोरीपलीकडचा हिशेब

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी अभ्यंगस्नानाला बसलो, की रात्री गुडघ्यांना चोळलेले मलम आधी मोरीत उतरते, पापे मागाहून. मलमातले डायक्लोफिनॅक बहुतांशी कातडीतून आत शिरतच नाही. गोळी घेतली, तरी तिचा काही अंश लघवीवाटे बाहेर पडतोच. सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची यंत्रे मळ काढतात. असली द्रव्ये मात्र पुष्कळशी निसटून नदीला मिळतात. ती पकडायची, तर ओझोन किंवा सक्रिय कोळसा वापरून शुद्धीची आणखी एक पायरी बांधावी लागते.

तिचा खर्च कोणी सोसायचा? स्वित्झर्लंडने २०१६ पासून सांडपाणी-केंद्रांवर माणशी वर्षाला ९ फ्रँकांपर्यंत आकार बसवला. युरोपीय संघाने २०२४ साली निराळा न्याय केला : निदान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने बाजारात आणणाऱ्यांनी द्यावा. २०२५ मध्ये औषध-कंपन्या न्यायालयात गेल्या.

आमच्या सौभाग्यवती कंपन्यांच्या बाजूच्या. “अहो, चोळता तुम्ही, धुता तुम्ही, कारखानदाराचे काय चुकले?”

द्रव्य त्याने निवडले, हे विसरून कसे चालेल? गुडघा ठणकत असता मी दुकानात रसायनशास्त्र करीत बसत नाही. पाण्यात लवकर नाहीसे होणारे द्रव्य शोधणे त्याच्या हाती आहे, माझ्या नाही. म्हणूनच त्या कायद्यात वर्गणी मालाच्या प्रमाणावर आणि उपद्रवावर ठरते. झटपट विघटन पावणाऱ्या द्रव्यांना माफी आहे. माणशी आकाराने ही अक्कल कोणाला येणार?

औषधे महागतील, ही भीती खोटी नाही. स्वस्त मलमावर माझेही पाऊल चालते. गरजेच्या औषधांच्या किमती सरकारने सांभाळाव्यात. पण म्हणून नदीच्या नावावर उधारी मांडू नये. अशी उधारी आपण एकदा पाहिली आहे. गुरांना दिलेले हेच डायक्लोफिनॅक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेले. त्यांचा जवळजवळ निर्वंश झाल्यावर २००६ साली आपण त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. बिल गिधाडांनी प्राणांनी चुकवले.

आपले पुष्कळसे सांडपाणी अजून पहिल्या पायरीलाही पोहोचत नाही. पण उद्या पायऱ्या बांधाल, तेव्हा हिशेबाची वही मोरीपाशी मिटू नका. कारखान्याच्या दारापर्यंत न्या. तोवर, वाचकहो, उटणे लावा आणि सुखाने स्नान करा!