बदलून टाका!

आपल्याकडे सल्ला द्यायला पूर्वी थोडा तरी अनुभव लागत असे. आता दोन शब्द पुरतात : ‘बदलून टाका!’ मिक्सर घरघरला, बदलून टाका. छत्रीची काडी मोडली, बदलून टाका. आमच्या साताऱ्याच्या मेव्हण्यांकडे दुसऱ्या महायुद्धातली एक जीप आहे. यवतेश्वरचा घाट उतरताना तिचा दुसरा गिअर सुटू लागला, तेव्हा हाच सल्ला त्यांना सतरा जणांनी दिला. त्यातल्या सोळा जणांना गिअरबॉक्स गाडीच्या कोणत्या बाजूला असतो हेही ठाऊक नव्हते. सतरावा जुने गिअरबॉक्स विकणारा होता.

या सतरा विद्वानांशी माझे भांडण आहे.

१९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्यांचा गिअरबॉक्स म्हणजे काही अगम्य प्रकार नव्हे. पुढे जायला तीन गिअर, मागे यायला एक. तेल लागते जेमतेम पाऊण लिटर. आमच्या घरी दिवाळीच्या चकल्यांना याहून जास्त लागते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. म्हणून पहिला टाकायचा तर गाडी थांबवा, नाहीतर क्लच दोनदा दाबून वेळ साधा. एवढे शिकवून लढाईच्या धामधुमीत हजारो पोरे ड्रायव्हर केली गेली.

मग गिअर सुटतो कशाने? उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिन चाकांना ओढण्याऐवजी चाकेच इंजिनला ढकलू लागतात. दातांवरचा दाब बाजू बदलतो. आत थोडा जरी ढिलेपणा असला तरी गिअर जागचा सरकतो आणि दांडा खुशाल न्यूट्रलमध्ये येऊन बसतो. मेव्हणे तो गुडघ्याने दाबून धरत. शेजारी बसलेली आमची बहीण त्याच वेळी मारुतीला धरून असे.

शेवटी डबा उतरवून सांगलीला नेला, एका पत्र्याच्या शेडमधल्या लेथवाल्या मिस्त्रींकडे. त्यांनी झाकण काढले, आत दोन बोटे घातली आणि म्हणाले, ‘‘दात शाबूत हाईत की वो सायेब! वायसर झिजल्यात नुसत्या.’’

ऐंशी वर्षांच्या यंत्राचा गुन्हा एवढाच होता. खालच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे वॉशर झिजलेले. गिअर सरकवणाऱ्या फोर्कची टोके बोथटलेली. दांडा जागेवर अडवणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग मेलेली. शिवाय कुणीतरी कौतुकाने महागडे तेल घातलेले. जादा दाबासाठी बनवलेल्या काही तेलांतली गंधकाची रसायने पितळी रिंगा खातात, हे त्या कौतुकवाल्याला कोण सांगणार? मिस्त्रींनी वॉशर कातले, फोर्क वेल्डिंगने भरून कानशीने घासला, बेअरिंगे, रिंगा आणि स्प्रिंगा नव्या घातल्या. दातांना हात लावला नाही. डबा बंद!

यावर सतरा विद्वान म्हणतात, ‘एवढा खटाटोप कशाला? पाच गिअरचा नवा डबा बसवा.’ बसवा की! पण त्याची लांबी निराळी. म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट कापा, चासीची आडवी पट्टी हलवा, नवीन माउंटिंग करा. एका वॉशरवर रुसून अर्धी गाडी मोडायची, आणि याला म्हणायचे सोपा उपाय.

दुसरा पंथ रंगवाल्यांचा. आत गिअर रडत असला तरी बाहेरून ऑलिव्ह हिरवा रंग, वर पांढरा तारा, की झाले पुनरुज्जीवन! १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हा हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच मुभा असलेला. म्हणजे रंग कायद्याला चालत नाही आणि गिअर घाटाला चालत नाही. अशा जीपने फक्त लग्नाच्या मंडपाबाहेर उभे राहावे.

आपल्याकडे जीप आणणाऱ्या कंपनीचेच पाहा. १९४५ साली ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले. १९४८ साली ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. गेला तो भाग तेवढा बदलला, आद्याक्षरेसुद्धा तीच राहिली! याला म्हणतात दुरुस्ती.

आणि हा सल्ला द्यावा कुठे, तर सातारा-सांगलीत? किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, त्याआधी ते बेळगावात सायकलींच्या दुकानात हात काळे करत होते. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगेने पहिल्या महायुद्धात एका गावाचे ४६ जवान गमावले. अशा मुलखात लष्कराची जुनी गाडी भंगारात काढायला जीभ रेटते कशी? सुभेदारांचे गुडघे झिजले तर डॉक्टर गुडघे बदलतात. अख्खा सुभेदार बदलून टाका, असे अजून कोणी म्हटलेले नाही.

माझी खरी चिंता जीपची नाहीच. मिस्त्रींचा मुलगा पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपात आहे. ‘‘तितं डबा उघडतच न्हाईत,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘बदलत्यात.’’ वॉशर कातून मिळेल. पण दोन बोटे घालून दुखणे सांगणारा माणूस कुठल्या दुकानात मिळणार? तो संपला की सगळेच बदलून टाकावे लागेल, आणि तेही दुसरे सांगतील त्या भावाने.

तेव्हा सल्ला द्यायचाच असेल, तर एक शब्द जास्त खर्च करा. म्हणा, ‘आधी उघडून बघा.’