पेढीचा आकार नव्हे, तिच्यावर विसंबलेल्यांचा विचार

संगणक-देखभालीचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाच्या पेढीवर मोठ्या वीज कंपनीकडून करारपत्र आले. त्यात एक प्रश्न होता : ‘आपली संस्था क्रिटिकल इन्फर्मेशन इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे अत्यावश्यक माहिती-पायाभूत सुविधा, या वर्गात मोडते काय?’ थोरले बंधू म्हणाले, “आपली उलाढाल ती किती! ‘नाही’ लिहून टाका.” पुतण्या म्हणाला, “काका, ‘होय’ लिहिले तर पेढीचे वजन वाढेल.” दोघांनीही कायदा पाहिला नव्हता. एकाने आकार पाहिला, दुसऱ्याने प्रतिष्ठा.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ७० मध्ये या संज्ञेची व्याख्या आहे. जे संगणकीय साधन निकामी किंवा नष्ट झाल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य अथवा सुरक्षितता यांवर दुर्बल करून सोडणारा परिणाम होईल, ते साधन अत्यावश्यक. या व्याख्येत उलाढालीची किंवा नोकरांच्या संख्येची अट नाही. कसोटी परिणामाची आहे. शिवाय ती संपूर्ण कंपनीला नव्हे, तर विशिष्ट संगणकीय साधनाला लागू होते.

व्याख्येत बसणे ही पहिली पायरी झाली. अशा सुविधेवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परिणाम करणारे साधन ‘संरक्षित प्रणाली’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार शासनाचा आहे, आणि ती घोषणा राजपत्रातूनच होते. जून २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँकेसंबंधी अधिसूचना निघाली, तेव्हा तिच्या कोअर बँकिंगसारख्या ठरावीक प्रणालींचा उल्लेख झाला. बँकेची प्रत्येक शाखा आणि प्रत्येक संगणक त्यात आला नाही. या क्षेत्राची मध्यवर्ती संस्था म्हणून २०१४ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक माहिती पायाभूत सुविधा संरक्षण केंद्र अधिसूचित झाले. वीज, बँका व विमा, दूरसंचार, वाहतूक, आरोग्य ही त्याच्या कार्यक्षेत्रातील प्रमुख क्षेत्रे होत.

तेव्हा त्या पेढीने स्वतःच्या मनाने ‘होय’ लिहिणे असत्य ठरले असते. पण निष्काळजी ‘नाही’ अधिक धोक्याचे होते. घोषित प्रणालीत कोणी प्रवेश करावा, हे शासन लेखी ठरवून देते. त्या मर्यादेबाहेर प्रवेश केल्यास किंवा तसा प्रयत्न केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. दुरुस्तीला गेलेला मुलगा ‘काम लवकर उरकावे’ म्हणून दुसऱ्याचा पासवर्ड वापरतो, ही सवय अनेक ठिकाणी दिसते. पेढी लहान असली तरी त्या मुलाचा हात कोठे पोहोचतो, हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

अखेर काका-पुतण्यांनी यादी केली : आपले संगणक कोणते, ते कोणाच्या प्रणालीला जोडलेले आहेत, ते सहा तास बंद पडले तर आपल्याखेरीज कोणाचे काय अडेल, आणि त्यांपैकी कशाबद्दल राजपत्रात अधिसूचना आहे काय. मग उत्तर लिहिले : ‘आमची कोणतीही प्रणाली घोषित नाही. आपल्या कोणत्या प्रणाली घोषित आहेत व तेथे आमच्यापैकी कोणास प्रवेश आहे, हे कृपया लेखी कळवावे.’

या वर्गात न मोडणाऱ्यांनाही पूर्ण मोकळीक नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांत नमूद केलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती; ती केव्हाच संपली.

आपल्या आचारधर्मात हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. चालताना पावलाखालचा जीव पाहावा, ही शिकवण घरोघरी बालपणीच मिळते. आज एका पासवर्डच्या हलगर्जीने दूरच्या रुग्णालयातील दिवा विझू शकतो आणि तेथील रुग्ण आपल्याला कधी दिसतही नाही. त्या न दिसणाऱ्या जिवाची आठवण ठेवून करारपत्रावर सही करणे, हीही जयणाच होय.